पाठमोऱ्या बायांचा ऑक्टोबर

ऑक्टोबर लागला की नागपुरात दोन जण परत येतात. एक ऊन. मे महिन्यात काहीतरी विसरून गेल्यासारखं ते पुन्हा दारात येऊन उभं राहतं आणि चांगलं पंधरा दिवस ठिय्या देतं. दुसरी, बगलेत ड्रॉइंगबोर्ड धरून चालणारी पोरं. शासनाच्या चित्रकलेच्या परीक्षा, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, याच दिवसांच्या आसपास असतात. बोर्ड पोरापेक्षा मोठा. सिटी बसमध्ये आधी बोर्ड चढतो, मग कंडक्टरची बोलणी चढतात आणि सगळ्यात शेवटी पोरगं. मी बसस्टॉपवर उभा राहून गणवेश पाहतो. टाय, टाय, पुन्हा टाय. आमच्या शाळेचा निळा-पांढरा गणवेश एखाद्या बोर्डामागे दिसतो का ते शोधतो. कित्येक वर्षांत दिसलेला नाही. तरी शोधतो. निवृत्त माणसाला बसस्टॉपवर उभं राहायला काहीतरी कारण लागतंच.

मी सरकारी शाळेत ड्रॉइंगचा मास्तर होतो. ड्रॉइंगचा मास्तर म्हणजे शाळेतला असा प्राणी, की ज्याच्याकडून सुविचाराचा फळा, पंधरा ऑगस्टची रांगोळी, गॅदरिंगचा पडदा आणि मुख्याध्यापकांच्या पुतण्याच्या लग्नातलं ‘सुस्वागतम्’ एवढं सगळं करून घेतात, आणि त्याचा तास मात्र गणितवाल्यांना देऊन टाकतात. तास मागायला गेलो की गणिताचे सर म्हणायचे, “काहून चिडून राहिले गा? पोट्टे काय चित्रं काढून पास होतात काय?” यावर माझ्याकडे एकच उत्तर असायचं, की ग्रेड परीक्षा पास झालं की दहावीला वाढीव गुण मिळतात. चित्रकलेसाठी मी आयुष्यभर भांडलो म्हणतात लोक. खरं सांगायचं तर मी वाढीव गुणांसाठी भांडलो. चित्र म्हणजे काय, ते का काढायचं, हे मला कुणी विचारलं नाही ते बरंच झालं. विचारलं असतं तर मी घरी जाऊन पुस्तकात पाहून सांगितलं असतं.

पण खोली मात्र होती. शाळेच्या मागच्या अंगाला, निंबाच्या झाडाखाली, पूर्वेकडे दोन मोठ्या खिडक्या असलेली. त्या खोलीचा वास सांगू? ओल्या पोस्टर कलरचा, खोडरबराच्या चुऱ्याचा, पोरांच्या घामाचा, आणि अकरा वाजले की त्या सगळ्यावरून पसरणारा खिचडीचा. कारण खिडकीच्या खालीच पोषण आहाराचं शेड होतं आणि तिथं शांताबाई खिचडी शिजवायची. शांताबाईचा आवाज असा होता की आमच्या खोलीतल्या बाटल्यांतलं पाणी थरथरायचं. “ओळीत या रे पोट्टेहो! ताट सरळ धर ना गा! तुले किती डाव देऊ, दोनदा घेतलं तू!” चेहराही आवाजासारखाच होता. रुंद, काळा, घामानं चमकणारा. ओरडतानाही डोळे हसत असायचे, म्हणून एकही पोरगं तिला भीत नव्हतं. मी मात्र भीत होतो. माझ्या ब्रशचं घाण पाणी मी खिडकीतून फेकायचो. ते एकदा तिच्या निवडलेल्या तांदळावर पडलं होतं.

करुणा तिची मुलगी. आठवीत. माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची.

ती मला पहिल्यांदा नीट दिसली ती एका संत्र्यामुळे. वस्तुचित्राच्या सरावाला मी टेबलावर घागर, घडी घातलेला टॉवेल आणि एक संत्रं मांडलं होतं. ऑक्टोबरात नरखेडकडून येणारं पहिलंवहिलं संत्रं हिरवंच असतं, बुडाशी उलीसा पिवळा डाग. पोरं काढत होती, मी खिडकीपाशी उभा राहून तंद्रीत होतो, आणि तंद्रीतच मी ते संत्रं उचलून सोलून खाल्लं. “सर, आमचं संत्रं!” असा ओरडा झाला तेव्हा शेवटची फोड तोंडात होती. भयंकर आंबट होती. मास्तर माणूस, चूक कशी कबूल करणार? म्हणालो, “आता आठवून काढा. हीच तर परीक्षा आहे.” सगळ्यांनी आठवून काढलं आणि सगळ्यांची संत्री निघाली केशरी. अर्ध्या तासापूर्वी नाकासमोर असलेलं हिरवं फळ पोरांना आठवलं नाही. बाटलीवर ‘ऑरेंज’ लिहिलेला रंग आठवला. एक करुणा सोडून.

“हिरवं काहून केलं वं?” मी विचारलं.

“हिरवंच होतं ना सर. तुम्ही खाल्लं ते.”

वर्ग खदखदून हसला. मीही हसलो. खरं तर त्या क्षणी तिची पाठ थोपटायला हवी होती, बाकीच्यांना तिचा कागद दाखवायला हवा होता. मी काय केलं? म्हणालो, “परीक्षकाला लिंबू वाटेल. केशरी कर.” तिनं केलं. हिरव्यावर केशरी बसलं नाही, खाकी झालं. पोलिसांनी पाळलेलं असावं असं ते संत्रं अजून डोळ्यांपुढे आहे.

आता माझ्या थोर शोधाबद्दल सांगतो. या परीक्षेत स्मरणचित्राचा एक पेपर असतो. समोर काही ठेवायचं नाही; विषय द्यायचा, बाजार, बसथांबा, जेवणाची सुट्टी, असा काहीतरी, आणि मनातून काढायचं. माणसं काढावीच लागतात. माणसांना तोंड असतं, आणि तोंड काढणं कठीण. नाक घसरतं, डोळे भांडतात, ओठांची पुरी होते. मग मी काढली पाठमोरी बाई. वर एक अंडाकृती, तिच्यावर अंबाडा, पदराची एक तिरपी रेघ, लुगड्याचा एक फराटा, खाली दोन टाचा. सहा रेघांत बाई उभी. पाठमोरा माणूस तर त्याहून सोपा, अंबाड्याऐवजी टोपी. पोरं महिनाभर गिरवायची. परीक्षेत विषय कोणताही येवो, आमची बाई तयार. भाजी घेते, पाठमोरी. बसची वाट पाहते, पाठमोरी. झेंडावंदन करते, पाठमोरी. तेव्हा तर ती झेंड्याकडेच तोंड करून आहे असं समर्थनही करता यायचं. माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांच्या कागदांवर अख्ख्या नागपूरला तोंड नव्हतं. आणि पोरं पास होत होती! मला शाबासकी मिळायची. पाठमोऱ्या बाईच्या जिवावर मी गावात नावाजलेला मास्तर झालो.

शिवाय आमच्यात हात फिरवायची पद्धत आहे. म्हणजे पोरानं काढलेल्या चित्रावर मास्तरनं शेवटी आपला ब्रश फिरवायचा. इथं सावली, तिथं उजेड, रेघ जरा ठसठशीत. सगळेच करतात. पोरगं खुश, आईबाप खुश, प्रदर्शन झक्कास. मी तर इतका पटाईत होतो की पोरानं बोर्डावर कागद लावताच माझा हात शिवशिवायचा.

त्या वर्षी माझी निवृत्ती एका उन्हाळ्यावर आली होती. आणि वरून निरोप आला, की एक साहेब शाळा पाहायला येणार. माझ्यानंतर ड्रॉइंगच्या मास्तरची जागा भरायची की नाही, ते त्यांच्या शेऱ्यावर ठरेल. आमच्या मुख्याध्यापिका गायधने मॅडम स्वभावानं लढवय्या. त्यांनी मला ऑफिसात बोलावून दार लावून घेतलं.

“सर, तुम्ही तर जाऊन राहिले. पण खोली गेली तर परत भेटत नाही, सांगून ठेवते. प्रदर्शन असं लावा का साहेबाचे डोळे फाटले पाहिजेत.”

“फाटतील मॅडम,” मी म्हणालो. “काळजीच करू नका.”

विषय ठेवला ‘जेवणाची सुट्टी’. पोरांनी चार दिवस खपून चित्रं काढली. ओळीत पाठमोरी पोरं, हातात ताटं, पुढं पाठमोरी बाई, बाईपुढं गंज, म्हणजे खिचडीचं मोठं पातेलं. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी खोलीत एकटा बसलो, पाण्याचा डबा भरला आणि एकेका चित्रावर हात फिरवायला घेतला. बाहेर ऊन रणरणत होतं, निंबावर खार किरकिरत होती, शेडमध्ये शांताबाई गंज घासत होती. मी फार आनंदात होतो. हे मुद्दाम लिहून ठेवतो. नंतर ज्या गोष्टीनं झोप उडवली, ती करताना मी शीळ घालत होतो.

गठ्ठ्यात खालून तिसरं करुणाचं निघालं.

त्यात बाई पाठमोरी नव्हती. ती कागदातून सरळ माझ्याकडे पाहत होती. डोकं गंजाएवढं मोठं, प्रमाणाचा पार बोजवारा. हात लांब, आणि हातातला डाव जणू माझ्या नाकाला लागेल असा पुढं आलेला. तोंड उघडं. आत चार-पाच दात, मधला एक पडलेला. कपाळावर घाम, तोही पांढऱ्या ठिपक्यांनी काढलेला. आणि डोळे हसत होते. ते कसं जमवलं होतं तिनं, मला आजही सांगता येणार नाही. एका डोळ्याखाली नुसती एक आडवी रेघ होती. पोरं मागे उलीउलीशी, मुंग्यांसारखी. चित्राकडे पाहताना खरंच कानात आलं, “ओळीत या रे पोट्टेहो!” मी दचकून खिडकीकडे पाहिलं. तिथं शांताबाई मुकाट्यानं गंज घासत होती.

मला चित्र आवडलं होतं का? आवडलं होतं. म्हणूनच तर चूक म्हणायची. न कळणाऱ्या माणसाला माफी असते. मी पाच मिनिटं पाहत बसलो आणि मग माझ्यातला नावाजलेला मास्तर जागा झाला. साहेब काय म्हणतील? प्रमाण नाही. डोकं केवढं. बाकी भिंत कशी एकसारखी सुबक, आणि मधेच ही बया ओरडतेय. मी काळ्या रंगात ब्रश बुडवला. आधी तोंड मिटवलं. ते काही बरं दिसेना. मग डोळे झाकले. शेवटी सगळ्या चेहऱ्यावरून काळा रंग नेला, वर अंबाडा काढला, पदर तिरपा ओढला. सहा रेघा. शांताबाई वळली आणि पाठ करून उभी राहिली.

सोमवारी प्रदर्शन. साहेब यायच्या आधीच शांताबाई हात पुसत खोलीत आली. त्या खोलीत ती पहिल्यांदाच येत होती, इतकी वर्षं खिडकीखाली असून. मागून करुणा.

“सर, हिनं मले काढलं म्हणे. घरी दोन दिवसांपासून सांगून राहिली. कोणती होय मी?”

भिंतीवर चाळीस पाठमोऱ्या बाया. शांताबाई एकेकीपाशी थांबत, वाकून पाहत चालली. “हे होय काय वं? का हे?”  करुणानं आपलं चित्र ओळखलं होतं, कोपऱ्यातल्या नावावरून. ती माझ्याकडे पाहत होती. रडत नव्हती, रागावलेलीही नव्हती. हिशोब चुकला तर फळ्याकडे पाहतात तशी पाहत होती, चूक आपली की फळ्याची ते ठरत नसल्यासारखी.

“सगळ्याच सारख्या आहेत बाप्पा,” शांताबाई शेवटी हसून म्हणाली. “छानच काढल्या. माह्यासारख्या बम बाया असतीन जगात, ढीगभर.” आणि गेली. खिचडी खाली लागत होती.

साहेब आले. चांगला माणूस होता. आला, पाहून गेला, चहा घेतला असं करणारा नव्हता. प्रत्येक चित्रासमोर उभा राहिला. माझी छाती फुगत होती. शेवटी त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं,

“मास्तर, एकही माणूस इकडे तोंड करून का नाही?”

यावर मी जे उत्तर दिलं ते जगातल्या मूर्ख उत्तरांच्या प्रदर्शनात पहिल्या नंबरानं लागेल. म्हणालो, “साहेब, ते सगळे पुढं जाऊन राहिले ना. प्रगती.”

साहेब हसले नाहीत. “हात चांगला आहे तुमचा,” ते म्हणाले. “पण मी तुमचं काम पाहायला नव्हतो आलो. मुलांची चित्रं कुठे आहेत?”

करुणा दाराशी उभी होती. मी एवढंच म्हणायला हवं होतं, की साहेब, एक होतं. त्या मुलीनं काढलं होतं. माझ्या हातून गेलं. तिला एक कोरा कागद द्या आणि अर्धा तास थांबा. एवढं म्हटलं असतं तर कदाचित जागा राहिली असती. कदाचित नसती राहिली. पण ती मुलगी तरी राहिली असती. मी म्हणालो, “हीच साहेब. हीच मुलांची.”

उन्हाळ्यात मी निवृत्त झालो आणि जागा भरली गेली नाही. गायधने मॅडम फोनवर अजून म्हणतात, “सगळं आपल्या अंगावर कायले ओढून घेता सर? तशीही भरली नसती.” म्हणत असतील खरं. करुणानं त्याआधी, प्रदर्शनाच्याच ऑक्टोबरात परीक्षा दिली, पेपरात पाठमोरी बाई काढली आणि बी ग्रेड मिळवली. मी तिला पेढा दिला. तिनं खाल्ला.

हल्ली मी शाळेत अधूनमधून जातो, शनिवारी फुकट शिकवतो म्हणून अर्ज देतो. खोलीत आता मोडके बाक रचलेत, छतापर्यंत. नवे मुख्याध्यापक आदरानं खुर्ची देतात. गेल्या खेपेला म्हणाले, “सर, ते पाहू आपण. पण तपासणी होऊन राहिली, स्वागताचा उलीसा फळा लिहून देता काय?” मी लिहून दिला. कोपऱ्यात फूलही काढलं.

परवा भाचीच्या लग्नासाठी भांडं घ्यायला इतवारीत गेलो. दिवाळी तोंडावर, गल्लीत हातगाडी पुढं जाईना आणि मीही. दुकानदारानं स्टीलचा डबा पुढं केला आणि म्हणाला, “नाव त्या ताईकडून टाकून घ्या.” कोपऱ्यात उंच स्टुलावर एक बाई भांड्यांवर नावं कोरत होती. मशीन घर्र घर्र करत होतं. मी भाचीचं नाव सांगितलं. तिनं मान वर न करता कोरलं, आणि अक्षर पाहून मी चाट पडलो. कान्याची लांबी, वेलांटीचा घेर, सगळं मापात.

“अक्षर फार सुंदर आहे,” मी म्हणालो.

“तुमचंच होय सर,” ती म्हणाली, आणि वर पाहिलं. “आवाजावरून ओळखलं मी. संत्रं खाता का अजून पोट्ट्यांचं?”

करुणा. आम्ही हसलो. मग मी विचारलं, आई कशी आहे? मशीन बंद झालं.

“माय गेली सर. उन्हाळ्यात.” मग ओढणीनं उगाचच डब्याचं झाकण पुसत म्हणाली, “फोटो आहेत बम. पण फोटो काढाले घेतला का ती गप उभी राहे, दुसऱ्याच बाईसारखी. ओरडतानाचा एकही नाही. सर, ते चित्र असंल काय तुमच्यापाशी? काळं झालेलं असलं तरी चालंल.”

होतं. प्रदर्शनातलं तेवढं एकच मी घरी नेलं होतं. दर ऑक्टोबरला काढून पाहतो आणि परत ठेवतो. “आहे,” मी म्हणालो. “उद्या आणतो.”

आणि घरी येऊन मी काय केलं असेल? मला ओळखणाऱ्यांनी एव्हाना ओळखलं असेल. पोस्टर कलर पाण्यानं सुटतो. दुपारी खिडकीत बसून, कापूस भिजवून, मी त्या काळ्या डोक्यावरून हलक्या हातानं फिरवायला लागलो. वरचा काळा गेला की खालची शांताबाई निघेल, असं माझं गणित. काळा सुटला. त्याच्यासोबत खालचा तपकिरीही सुटला. कपाळावर एक क्षण पांढरा ठिपका दिसला, घामाचा, मी बोटानं वाचवायला गेलो आणि तो बोटाला लागून आला. थांबायला हवं होतं. मी आणखी एक बोळा भिजवला.

दुसऱ्या दिवशी चित्र घेऊन गेलो. दुकानात गर्दी होती. करुणानं मांडीवर कागद उलगडला. गंज होता, डाव होता, मुंग्यांएवढी पोरं होती. अंबाड्याखाली, चेहऱ्याच्या जागी, कागद घासून पातळ झाला होता. उजेडाकडे धरला तर पलीकडचं दिसेल इतका.

तिनं कागद उजेडाकडे धरला. मग हळूच म्हणाली, “सर, आताही हात फिरवलाच तुम्ही.”

मी खिशातून पेन्सिल काढून पुढं केली. म्हणालो, “तू काढ. तुला येतं. तेवढा चेहरा काढ.” तिनं पेन्सिल घेतली. टोक त्या पातळ जागेवर टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. मग परत दिली.

“नाही जमत सर. तेव्हापासून तोंड काढलंच नाही कोणाचं. नावंच टाकते.”

तेवढ्यात कुणीतरी काउंटरवर घागर ठेवली. “ताई, माह्या मायचं नाव टाका जी.” करुणानं चित्राची घडी केली, मांडीखाली ठेवली, स्टूल फिरवलं आणि मशीन सुरू केलं. मी मागे उभा राहिलो, काहीतरी बोलावं म्हणून. बोलायला चेहरा समोर लागतो. समोर होती वेणी, ओढणीची तिरपी रेघ, वाकलेले दोन खांदे, स्टुलाच्या दांडीवर दोन टाचा.

सहा रेघांचं काम.